नानांचं पार्सल

नानांना "कसे आहात?" म्हणून विचारलं की ते तब्येतीचं सांगत नाहीत, पार्सल कुठवर आलं ते सांगतात. "काल रात्री लाइपझिग सोडलं." आवाज असा, की मुलगी सासरहून एकटीच निघाली आहे आणि गाडीला गर्दी आहे.

हे गृहस्थ राहतात गाझियाबादच्या वसुंधरात. वैशालीला मेट्रोत बसायचं, राजीव चौकात पिवळी लाइन धरायची, चावडी बाजारला उतरून थोडं चाललं की नई सडक. तिथल्या पेट्या पार लंडन-टोरांटोच्या गुरुद्वाऱ्यांत वाजतात. कॅनॉट प्लेसला रिखी राम यांचं दुकान आहे. १९६६ साली बीटल्स मंडळी दिल्लीत उतरली तेव्हा जॉर्ज हॅरिसननं सतार तिथूनच घेतली. म्हणजे जग वाद्य घ्यायला दिल्लीला येतं. आणि नाना दिल्लीच्या वेशीवर बसून पेटी फ्रान्सहून मागवतात. त्यात जन्म मिरजेचा, जिथे सतारी-तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे! वाद्यांच्या एका गावातून निघून दुसऱ्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला वाद्य तिसरीकडूनच हवं असतं, हे मला आता पटलं आहे.

पेटीही साधीसुधी नाही. पॅरिसच्या कासरिएलची, घडी होणारी पायपेटी. पेटीवाल्या मंडळींत हे नाव घेताना हात कानाच्या पाळीला जातो. आपल्याकडे पालिताण्याला घडणाऱ्या पेटीच्या सुरांबद्दल विचारलं, तर नाना "बरे असतात" म्हणतात. शेजारणीनं आणून दिलेल्या पुरणपोळीबद्दल काकू म्हणतात, अगदी तसं. एकदा मी म्हटलं, "नाना, पण विलायतीच कशाला?" त्यावर त्यांनी मला इतिहास ऐकवला. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार लावलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत आणि मुळात वाद्य परकं, हे आरोप. "एकतीस वर्षं जिला विलायती म्हणून बाहेर ठेवली," नाना म्हणाले, "ती निदान अस्सल विलायती तरी असावी!" या युक्तिवादाला उत्तर नाही. कृषी भवनात उभी हयात टिप्पण्या लिहिण्यात गेलेल्या माणसाशी वाद घालू नये.

खरी गोष्ट त्या टिप्पण्यांतच आहे. पेटी विकणारी होती फ्रान्समधल्या कुठल्याशा गावातली एक आजी. तिनं जाहिरातीत दोन ओळी लिहिल्या होत्या: पेटी आजोबांची आहे, वाजते. नानांनी तिला एकतीस प्रश्नांचं पत्र धाडलं. अनुक्रमांकासह, आणि प्रश्न क्रमांक सातला अ, ब, क असे पोटप्रश्न. भाता कापडी की चामडी? नर-मादी दोन्ही सूर शाबूत आहेत का? असल्यास कोणते बोलत नाहीत? नसल्यास कारणे द्यावीत. हे सगळं भाषांतराच्या यंत्रातून फ्रेंच होऊन गेलं. "नर-मादी"चं तिथे काय झालं असेल, देव जाणे. म्हातारीनं उलट टपाली कळवलं की घरात कोंबड्या नाहीत.

पण बाकीच्या तीस प्रश्नांना तिनं उत्तरं दिली. एकेक करून, क्रमांक घालून! नोकरीत नानांची फाईल वर गेली, की तीन महिन्यांनी "चर्चा करावी" एवढा शेरा घेऊन खाली यायची. इथे एक परकी बाई त्यांच्या पोटप्रश्न 'क'लासुद्धा उत्तर देत होती. नाना प्रेमात पडले ते पेटीच्या नव्हे, त्या उत्तरांच्या, असा माझा संशय आहे. काकूंचाही आहे, पण त्या म्हणतात, "म्हातारी पंच्याऐंशीची आहे, मी विचारून घेतलंय."

लिलाव संपणार होता पॅरिसच्या रात्री नऊला, म्हणजे थंडीतले आपले दीड. कार्ड परदेशात चालत नव्हतं; ते खातं उघडून मुद्दाम सुरू करावं लागतं, हे पावणेदोन मिनिटं उरली असताना कळलं. पुण्याच्या जावयाला उठवलं. जावयानं झोपेत काय काय दाबायला सांगितलं ते त्यालाही आठवत नाही, पण पेटी मिळाली.

मग जकातीचा घोळ. एका कचेरीतून फोन आला, की पट्ट्या कशाच्या आहेत ते लेखी कळवा. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८९ सालीच जगभर बंदी ठरली आणि जुन्या बाजाला हस्तिदंत असू शकतो, तेव्हा प्रश्न रास्तच होता. नाना दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजीचं उत्तर आलं: सेल्युलॉइड. नानांनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी मात्र जरा उतरलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "म्हणजे स्वस्तातलं मॉडेल दिसतंय."

खोकं घेऊन आलेल्या पोरानं बावीस किलो चौथ्या मजल्यावर चढवले, कारण लिफ्ट त्या दिवशी बंद. घाम पुसत म्हणाला, "अंकल, है क्या इसमें?"

"हारमोनियम."

"हारमोनियम तो यहीं मिलता है जी!"

नानांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि पाऊण तास समजावलं. खाली त्याच्या टेम्पोला चलान लागलं.

पेटी उघडली तेव्हा सोसायटीतली सगळी मराठी घरं, म्हणजे पाचच, हजर होती. नानांनी पायटा मारला. आधी कोठीतल्या जुन्या ट्रंकेचा वास आला, मग एक सूर. खरं सांगतो, मी थट्टेच्या तयारीनं गेलो होतो. पण त्या खर्जानं पायाखालची फरशी हलल्यासारखं झालं. नाना पट्टीवरचं बोट उचलायलाच तयार नव्हते. काकू पदरानं पट्ट्यांवरची धूळ पुसत राहिल्या आणि कुणीच काही बोललं नाही.

घोटाळा गणपतीत उघड झाला. कीबोर्डवाला मुलगा, बासरीवाले बंगाली दादा आणि नाना एकत्र बसले, आणि आरतीआधीच्या पहिल्याच भजनात सगळ्यांच्या दाढा शिवशिवल्या. फ्रान्स सरकारनं १८५९ साली कायद्यानं सूर बांधला तो ४३५ कंपनांचा. जगानं १९३९ मध्ये लंडनला बसून ४४० ठरवला. नानांची पेटी जुन्या कायद्यावर कायम. आता चूक कोणाची? नानांच्या मते जगाची.

"तुम्ही खाली या," ते शांतपणे म्हणाले.

कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं आणि दोन मिनिटांत खाली आला. इतक्या सहज, की नानांना तो थोडा अपमानच वाटला. तबला थोडा उतरवला. बासरीला मात्र खुंट्या नसतात. दादांनी ती एकदा फिरवून पाहिली, पिशवीत घातली आणि मोदकांच्या ताटाजवळ जाऊन बसले. पुढे आरती सुरू झाली, झांजा कडाडल्या आणि ४३५ काय नि ४४० काय, कुणालाच कळेनासं झालं.

नाना मात्र विसरले नाहीत. त्यांनी आजीला पत्र लिहिलं: विषय, स्वराबाबत. तिनं कळवलं, की आजोबांची सगळ्या गावाशी हीच तक्रार होती.

परवा लिफ्टमध्ये भेटले. मी सवयीनं विचारलं, "कसे आहात?"

"नादकाटा मागवलाय," नाना म्हणाले. "४३५चा. त्याच आजोबांचा, आजीच्या माळ्यावर सापडला. बासरीवाल्या दादांना लेखी पुरावा म्हणून द्यायचाय." मग खिशातून मोबाइल काढून चष्मा कपाळावर चढवला. "आज सकाळीच लाइपझिगला पोहोचला."