क्रोकांकडचे काका

निवृत्त माणसाचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करून सोडवतात. पार्किंगच्या पिवळ्या रेघा आणि टाकीचं पाणी सोडायच्या वेळा हाती आल्या की माणसाचं आयुष्य दहा वर्षांनी वाढतं. इंग्लंडात लोक शेजाऱ्याशी भांडायला लाजतात, त्यामुळे तिथे सेक्रेटरीपदात राम नाही. तिथे निवृत्त माणसाच्या हवाली एक जुनं घर करतात. घर जितकं जुनं, तितका माणूस तरतरीत.

कॉव्हेंट्रीत असं एक घर आहे. जुन्या शहराच्या वेशीबाहेर, पश्चिमेला, अप्पर स्पॉन स्ट्रीटवर लाकडी चौकटीच्या सहा बिऱ्हाडांची एक चाळ उभी आहे. चाळच म्हणायची, कारण 1455 साली तिथल्या मठाने ती भाड्याने द्यायलाच बांधली. शिवजन्माच्या पावणेदोनशे वर्षं आधी. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग कॅथीड्रलसकट होरपळून काढला, त्यातूनही ही चाळ वाचली. तिच्यातलं एक बिऱ्हाड 1540 साली जसं असेल तसं पुन्हा मांडून ठेवलं आहे. 1540 अशासाठी, की तेव्हा तिथे जॉन क्रोक नावाचा विणकर बायकामुलांसह राहत होता. राजा नाही, सरदार नाही, साधा भाडेकरू. एकदा शिरलेला भाडेकरू जागा सोडत नाही, अशी आपल्याकडच्या घरमालकांची तक्रार असते. क्रोकने पावणेपाचशे वर्षं काढून दाखवली आहेत.

हे घर चालवतात स्वयंसेवक. वर्षातले मोजके शनिवार-रविवार आणि सप्टेंबरातले वारसा-दिवस ते सगळ्यांसाठी उघडं असतं. त्या दिवशी दारात जो उभा असतो, त्याला आमच्या घरातली मुलं ‘क्रोकांकडचे काका’ म्हणतात. जोशांकडचे, कुलकर्ण्यांकडचे, तसे क्रोकांकडचे. असे काका एक नाही, अनेक आहेत. इंग्लंडात जिथे जिथे जुनी गिरणी, जुनी पाणचक्की किंवा जुनं विणकराचं घर आहे तिथे तिथे ते सापडतात. सोयीसाठी आपण एकच धरू.

काकांचं वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. छातीवर नावाचा बिल्ला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खिशात किल्ल्यांचा जुडगा. त्यातली नेमकी कुठली किल्ली कशाची हे फक्त त्यांना ठाऊक, आणि ते ज्ञान ते कुणाला देणार नाहीत. दार बुटकं, म्हणून प्रत्येकाला ‘डोकं सांभाळा’ सांगायचं त्यांनी व्रत घेतलेलं आहे. तीन वर्षांच्या पोरालाही सांगतात. बाबागाडीतल्या बाळालाही सांगतात.

काकांची पहिली खूण म्हणजे त्यांचं ‘आम्ही’. ‘आम्हाला सूत घरातूनच मिळायचं.’ ‘आमच्याकडे बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, चहा तर नव्हताच.’ (हे सांगताना हातात चहाचा मग असतो.) ‘1539 साली आम्हाला मोठा फटका बसला.’ म्हणजे आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि काकांचा घरमालकच नाहीसा झाला. आवाज असा, की ऐकणाऱ्याने सांत्वनाला यावं. आमच्या धाकट्याने एकदा गंभीरपणे विचारलं होतं, काकांचं वय नक्की किती.

क्रोकबद्दल जितकी माहिती कागदावर आहे, त्याहून अधिक काकांच्या मनात आहे. कागद संपतो तिथे काका ‘साहजिकच’ म्हणतात आणि पुढे जातात. साहजिकच क्रोक उजेड पडायच्या आत उठत असणार. साहजिकच बायकोशी त्याचं सुताच्या जाडीवरून वाजत असणार. काकांच्या स्वतःच्या नातवाला कुठला विषय आवडतो हे त्यांना सांगता येणार नाही. क्रोकच्या पोरांच्या झोपायच्या जागा मात्र ते बोटाने दाखवतात.

गोष्ट ते मेंढीपासून सुरू करतात. तुम्ही कितीही घाईत असा, मेंढी चुकत नाही. मेंढीची लोकर, लोकर धुणं, दोन दातेरी फळ्यांमध्ये धरून ती विंचरणं, मग मोठ्या चाकावर सूत कातणं. कातणारी बाई चाक हाताने फिरवत मागे मागे चालत जाते, सूत गुंडाळायला पुन्हा पुढे येते. ही चाल काका स्वतः करून दाखवतात, आणि खोली लहान असल्यामुळे प्रेक्षकांनाही त्यांच्याबरोबर मागे-पुढे करावं लागतं. इथे एखादं देशी पोर हमखास ओरडतं, ‘गांधीजींचा चरखा!’ काका दुखावत नाहीत. मान डोलावून म्हणतात, ‘हो, तुमच्याकडे आधीपासून होता.’ या माणसाचा मोठेपणा मान्य करायला हवा. आपल्यापैकी किती जण शेजारच्या गावाला तरी असं श्रेय देतात?

मागापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात. माग अरुंद आहे, कारण धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा; कापडाचा पन्हा माणसाच्या हातांच्या पोचेइतकाच. रुंद कापड हवं तर मागावर दोन माणसं शेजारी शेजारी बसायची. दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती जॉन के याने 1733 साली काढली. या केबद्दल काका फारसं बरं बोलत नाहीत. क्रोकच्या मृत्यूनंतर आलेल्या कुठल्याही सुधारणेकडे ते नव्या सुनेने बदललेल्या स्वयंपाकघराकडे बघावं तसे बघतात.

प्रेक्षक काकांना तीन प्रश्न विचारतात. हे सगळं खरं जुनं आहे का? इथे भूत आहे का? आणि स्वच्छतागृह कुठे आहे? पहिल्याचं उत्तर ते तुळई-तुळईगणिक देतात. दुसऱ्याला ‘अजून तरी मीच’ असं म्हणतात, आणि त्यावर दरवेळी स्वतःच हसतात. तिसऱ्याची मात्र ते वाट बघत असतात, कारण त्यातून त्यांचा लाडका अध्याय उघडतो: त्या काळी मूत्र वाया घालवत नसत! शिळं करून लोकर धुवायला वापरत, रंगाऱ्यालाही ते लागे. गोऱ्या आया नाक मुरडतात, पोरं किंचाळतात, काका कृतार्थ होतात. मराठी प्रेक्षक आला की मात्र अध्याय साफ पडतो. गोमूत्राचं माहात्म्य ऐकत वाढलेल्या माणसाचं यात काहीच हलत नाही. ‘माणसाचं?’ एवढंच तो किंचित तुच्छतेने विचारतो.

तिथून गाडी निळ्या रंगावर येते. कॉव्हेंट्रीचा निळा एकेकाळी न उतरणारा म्हणून नावाजलेला. तो वोड नावाच्या झाडाच्या पानांतून निघे. पानं कुजवायची, त्याचा असा वास सुटे की रंगाऱ्याचं घर पत्ता न विचारता सापडावं. कापड रंगातून काढलं की हिरवट पिवळं दिसतं, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. ‘पण मग भारतातून नीळ आली,’ काका म्हणतात, आणि खोलीत जो कोणी भारतीय असेल त्याच्याकडे बघून थांबतात. आपण उगाचच खाली बघतो. नीळ आपल्या आजोबांनीच पाठवली असावी असं वाटू लागतं.

घरामागे बाग आहे, तीत त्या काळच्या भाज्या आणि औषधी झाडं. बाग हे काकांचं राज्य नव्हे. तिथे काकू असतात. काकू म्हणजे काकांची बायको नव्हे; त्या वेगळ्या स्वयंसेवक, आणि दोघांमध्ये मागच्या दाराच्या उंबरठ्यावर सरहद्द आहे. काका बागेबद्दल बोलत नाहीत, काकू मागाबद्दल बोलत नाहीत, आणि प्रेक्षकाने काकांना कोबीबद्दल विचारलं तर ते दुःखाने बाहेर बोट दाखवतात. काकूंपुढे केशरी गाजराचं नाव काढू नये. त्या काळची गाजरं केशरी नव्हती, हे सांगण्यात त्यांची निम्मी दुपार जाते, आणि उरलेली निम्मी कांदे, लीक आणि वाटाणे एका मडक्यात शिजवून रोज कसे खात हे सांगण्यात. ‘रोज?’ असं विचारणाऱ्या पुणेकर बाईंना त्यांनी एकदा ‘रविवारीसुद्धा’ असं सांगितलं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत क्रोकच्या बायकोबद्दल पहिल्यांदा माया दिसली.

काकांना क्रोकचं एवढं का, हे समजायला शहर माहीत हवं. कॉव्हेंट्रीने जो धंदा धरला तो शेवटी हातातून गेला. आधी लोकरीचं कापड गेलं. मग रेशमी फिती आल्या, घरोघरी माग खडखडू लागले. 1860 साली फ्रान्सशी तह होऊन तिकडच्या मालावरची जकात उठली आणि फितीवाले रस्त्यावर आले. घड्याळं झाली. मग सायकली, आजची सायकल जिच्यावरून आली ती रोव्हर 1885 साली इथलीच. मग मोटारी. कॅनलीला ट्रायम्फची जुळणी 1980 साली थांबली, ब्राउन्स लेनला जॅग्वारची 2005 साली. काका अशाच एखाद्या कारखान्यातले. उभी हयात गिअरबॉक्समध्ये गेली. त्या कारखान्याची जागा आता दाखवावी तर तिथे विटांची नवी घरं आहेत, दारात सॅटेलाइटच्या थाळ्या. जॉन क्रोकच्या कामाची जागा जपली गेली, काकांच्या कामाची नाही, आणि या बाबतीत काका तक्रार करत नाहीत. फक्त मागाचं तेलपाणी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

आम्हा मराठी मंडळींशी त्यांचं नातं याच कारणाने जरा गुंतागुंतीचं आहे. 2008 साली टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतली, कंपनीचं मुख्यालय इथेच व्हिटलीला, त्यामुळे पिंपरी-चिंचवडहून आलेली इंजिनिअर मंडळी या शहरात बऱ्यापैकी आहेत. माझा नवराही त्यातलाच. हे कळल्यावर काकांनी त्याला आधी सरळ उभं राहून सलाम ठोकला, ‘मालक आले!’ आणि पुढच्या क्षणाला गिअरबॉक्सबद्दल असा एक बारीक प्रश्न विचारला की मालकांना फोनवर कुणाला तरी विचारतो असं म्हणून बागेत जावं लागलं.

काकांना खरी दाद दिली ती माझ्या सासऱ्यांनी. अण्णा इचलकरंजीचे. 1904 साली त्या गावात पहिला यंत्रमाग आला, आणि पुढे वाढलेल्या पसाऱ्याला अण्णांच्या घरातल्या सगळ्यांचे हात लागले. ते स्वतः जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे, म्हणून निवृत्त झाले. मुलाकडे म्हणून इंग्लंडला आले आणि काही दिवसांतच कुठल्या वारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा हे आमच्या शेजाऱ्यांना सांगू लागले. माणूस रिकामा राहिला तर गल्ली ताब्यात घेईल, म्हणून खुल्या दिवशी त्यांना क्रोककडे नेलं.

काकांनी मेंढी सुरू केली. अण्णा मेंढीला थांबलेच नाहीत. सरळ मागापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि खालून बघू लागले. काका बोलता बोलता गप्प झाले. इतक्या वर्षांत लोक मागाकडे बघत, मागाबरोबर फोटो काढत. मागाखाली कुणी बघितलं नव्हतं.

‘विचार त्यांना,’ अण्णा मला म्हणाले, ‘दिवसाला किती वार निघतं?’

मी विचारलं. हरेक प्रश्नाचं उत्तर तयार असलेल्या काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि चक्क विचार केला.

‘सूत कोण देतं?’

बायको, आणि शेजारच्या बायका.

‘मग त्यांची मजुरी धरली का? आणि खोलीचं भाडं? आणि लोकर रोखीने की उधारीवर?’

काकांनी खिशातून माहितीपत्रक काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले. अण्णांनी पेन घेऊन त्यातला एक खोडला. काकांनी तो पुन्हा लिहिला. मी दुभाषा होते, पण मला कुणी विचारत नव्हतं. पेन इकडून तिकडे जात होतं आणि दोघंही आपापल्या भाषेत मोठ्याने बोलत होते. दारात रांग वाढत होती. काकूंनी सरहद्द ओलांडून आत डोकावलं, ही घटना त्या घराच्या इतिहासात नोंदवायला हरकत नाही. बाहेर कुणी तरी कपाळ चोळत होतं, कारण ‘डोकं सांभाळा’ सांगायला दारात कुणीच नव्हतं.

शेवटी अण्णांनी आकड्यांखाली रेघ मारली. ‘याला परवडत नाही. एका मागावर संसार होत नाही. आमच्याकडे एकेक माणूस चार-चार बघतो. चार माग टाकायला सांग त्याला.’

मी काकांना म्हटलं, अण्णांना घर फार आवडलं.

काकांनी अण्णांची वर आलेली चार बोटं पाहिली होती. त्यांनी एकदा मागाकडे बघितलं, एकदा चारी भिंतींकडे, आणि थोडे चिडूनच म्हणाले, ‘टाकू की चार. पण मग आम्ही झोपायचं कुठे?’

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

‘मागाखाली,’ अण्णा म्हणाले. ‘आम्ही नाही का झोपलो?’