आमच्याकडे पण असतं

ग्रुपनं फिरायला निघालं की एक नाना हमखास वाट्याला येतात. आमच्या वाट्याला आलेले नाना मूळचे मालवणचे, राहायला डोंबिवली पूर्व आणि पालुपद एकच : ‘हे आमच्याकडे पण असतं.’ असतं, तर मग तिकीट काढून थायलंडला कशाला आलात, असं त्यांना विचारायचं नसतं. ते खात्री करायला आलेले असतात.

सहल उत्तर थायलंडातल्या चियांग माईची. धावपळ नाही, थाई स्वयंपाक शिकायचा, डोंगरातल्या वस्तीपर्यंत चालत जायचं, उरलेल्या वेळात लोळायचं. लोळणं नानांना सोसत नाही. भल्या पहाटे आंघोळ करून ते हॉटेलच्या लॉबीत बसलेले असत.

स्वयंपाकाच्या वर्गात बाईंनी गलांगल दाखवलं. ‘आलं,’ नाना म्हणाले. ‘जरा आजारी दिसतंय.’ गवती चहा? आमच्या मागच्या दारी. कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, पुढे आली तेव्हा बाकीच्यांनी नाकं दाबली, नाना उजळले. ‘सुकट!’ बाई दर वेळी हसून म्हणत, ‘सेम सेम, बट डिफरंट.’ तिकडे हे वाक्य टी-शर्टांवर छापून विकतात. हिरव्या करीच्या वाटणात कोथिंबिरीची मुळं पडली, तेव्हा मात्र नाना अडखळले. आपण जुडी आणली की आधी मुळंच कापून टाकतो. ‘आमची आजी घालायची,’ ते पुटपुटले. नानींनी असं काही पाहिलं, की आजींनी मुळं ताबडतोब परत घेतली.

खरा प्रसंग पुढेच. या करीसाठी नारळाचं घट्ट दूध तापवून मुद्दाम फोडतात. तेल सुटलं की त्यात वाटण परततात. आणि कोकणात तर दूध फुटू नये म्हणून जीव टाकतात! बाईंच्या कढईत तेलाचे थेंब दिसताच नाना ‘फुटलं, फुटलं!’ ओरडत धावले आणि त्यांनी गॅस बंद केला. बाईंनी पेटवला. नानांनी पुन्हा बंद केला. ‘अहो, इकडे या बघू,’ म्हणत नानींनी शर्टाला धरून त्यांना मागे ओढलं. जेवताना त्याच करीचे दोन वाडगे रिकामे झाले. ‘फुटलंय, पण चव आहे,’ असा दाखलाही मिळाला.

डोइ इंथानोन हे थायलंडातलं सर्वांत उंच शिखर, 2565 मीटर. आपलं कळसूबाई 1646. आकड्यांपुढे वाकतील ते नाना कसले! ‘वरपर्यंत गाडी जाते? मग त्याला घाट म्हणतात. कळसूबाईला शिड्या चढाव्या लागतात.’ याच डोंगरात मे क्लांग लुआंग ही कारेन लोकांची वस्ती आहे. तिथल्या रानवाटेनं जायला स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो. पूर्वी या डोंगराळ भागात अफू पिकायची, हे ऐकून नानांनी ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. 1969 साली राजे भूमिबोल यांनी सुरू केलेल्या रॉयल प्रोजेक्टनं डोंगरात कॉफी, पीच वगैरे पिकं आणली. गावातल्या कॉफीचा घोट घेऊन नाना म्हणाले, ‘कूर्ग.’

पण भातखाचरं दिसली आणि ते बांधावर उकिडवेच बसले. पाणी कुठून वळवता? बियाणं घरचं की विकतचं? डुकरं येतात का? इंग्रजी दोघांचंही बेताचं, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. वाटाड्या मात्र खुलला. आम्ही बाकीचे फोटो काढत होतो. त्या माणसाला त्याच्या शेताबद्दल विचारणारे एकटे नानाच.

चियांग माईच्या वारोरोत बाजारात मसाल्याच्या दुकानी तडकलेली काळपट बारीक फळं होती. नानांनी एक दाताखाली धरलं, डोळे मिटले. ‘तिरफळ.’ आम्ही हसलो, मग आम्हीही चावून पाहिलं. जीभ चुरचुरली तेव्हा हसू थांबलं. तिथे त्याला माख्वेन म्हणतात, ते लाब या खिम्याच्या पदार्थात घालतात आणि ते खरोखरच तिरफळाच्या कुळातलं आहे. नानांनी पुडी बांधून घेतली. घरी डबाभर पडलीयत, नानी म्हणाल्या.

‘ती वेगळी,’ नाना म्हणाले.

तुमच्या ग्रुपमध्ये असे नाना निघाले तर बाजारात आणि बांधावर त्यांची पाठ सोडू नका. स्वयंपाकाच्या वर्गात मात्र त्यांना गॅसपासून चार हात लांब बसवा.