आयत्या घरावर नागोबा

श्रूजबरी म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांपुढे कयानी बेकरीसमोरची रांग उभी राहते. मॅसेच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावाचा कयानीच्या श्रूजबरी बिस्किटाशी काडीचा संबंध नाही. रांग मात्र इथेही आहे, आणि ती घरासाठी आहे.

बॉस्टनच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर, क्विन्सिगमंड तळ्याच्या काठी हे गाव वसलेलं आहे. तळ्यापलीकडे वूस्टर शहर, अलीकडे श्रूजबरी. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ३८ हजारांच्या घरात. शाळा नावाजलेल्या, त्यामुळे आयटीतला मराठी माणूस पहिलं मूल बालवाडीत जायच्या आत इथे येऊन टेकतो. भारतीय इतके झालेत की ‘इंडिया सोसायटी ऑफ वूस्टर’ या संस्थेची वास्तूसुद्धा वूस्टरात नसून श्रूजबरीत आहे. साध्यासुध्या घराची किंमतही आता सहा लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. रुपयात हिशेब मांडायची सवय अशा वेळी आवरलेली बरी.

अशा गावात भाड्यानं राहणाऱ्या मराठी जोडप्याला देशातून एक फोन हमखास येतो. फोन बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा असतो. “काय रे, तिकडे म्हणे सरकार जप्तीची घरं शंभर डॉलरात देतं? आणि तू अजून भाडं भरतोयस?” काकांनी व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात एक गृहस्थ पांढऱ्या कुंपणाच्या घरापुढे उभा राहून किल्ली नाचवतो आणि हे गुपित बँका तुम्हाला सांगणार नाहीत, असं बजावतो. अमेरिकेत हा धंदा जुना आहे. पूर्वी मॅथ्यू लेस्को नावाचे गृहस्थ अंगभर प्रश्नचिन्हं छापलेला कोट घालून टीव्हीवर यायचे आणि सरकारच्या फुकट पैशांची जाडजूड पुस्तकं विकायचे. पैसे फुकट, पुस्तक विकत.

काकांचं ऐकीव अगदीच खोटं नसतं, हीच त्यातली पंचाईत. शंभर डॉलरची योजना खरोखर आहे. घरकर्जाला केंद्र सरकारच्या एफएचएचा विमा असेल आणि कर्जदाराचे हप्ते थकले, तर बँक घर जप्त करते, विम्याचे पैसे वसूल करते आणि घर ‘हड’ या गृहनिर्माण खात्याच्या गळ्यात टाकते. हड ते संकेतस्थळावर विकायला काढतं. सुरुवातीचे काही दिवस बोली फक्त स्वतः राहणाऱ्यांची, गुंतवणूकदारांना नंतर वाव. काही भागांत, पूर्ण किमतीची बोली लावून एफएचएचंच कर्ज घेणाऱ्याला सुरुवातीला शंभर डॉलर भरून भागतं. उरलेली किंमत पुढची तीस वर्षं हप्त्यानं फेडायची, एवढीच काय ती बारीक अक्षरातली अट.

एक डॉलरची घरंही आहेत. सहा महिने कोणीच न घेतलेली पडीक घरं हड एका डॉलरला देऊन टाकतं, पण गावाच्या प्रशासनाला, काकांच्या पुतण्याला नव्हे. निम्म्या किमतीची योजनाही आहे: शिक्षक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान यांनी तीन वर्षं तिथे राहायचं कबूल केलं, तर अर्धी किंमत माफ. मात्र घर सरकारनं ठरवलेल्या ‘पुनरुज्जीवन’ भागात असावं लागतं. त्या यादीत बसायला श्रूजबरीला आधी बरंच बिघडावं लागेल.

पुतण्याचं गाडं त्याआधीच अडलेलं असतं. तो एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि हडनं २५ मे २०२५ पासून कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्यांना एफएचएच्या विम्याचं कर्ज बंद केलं आहे. म्हणजे शंभर डॉलर खिशात आहेत, ते घ्यायला खिडकीत कोणी नाही.

मग उरतो लिलाव. मॅसेच्युसेट्समध्ये घर लिलावात काढायला बँकेला एरवी कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. गहाणखतातच विक्रीचा अधिकार लिहिलेला असतो. थकलेले हप्ते भरायला मुदत द्यायची, स्थानिक वर्तमानपत्रात ओळीनं तीन आठवडे नोटीस छापायची आणि ठरल्या दिवशी लिलाववाल्यानं घरापुढच्या हिरवळीवर उभं राहून बोली पुकारायची. हो, त्याच घरापुढे. पडद्याआडून मालक आपल्या घराची किंमत ऐकत उभा असला, तर त्याला कायद्याची हरकत नाही. बोली लावायला येणाऱ्यानं पाच-दहा हजार डॉलरचा बँक चेक बरोबर आणायचा आणि बाकीची रक्कम साधारण तीस दिवसांत भरायची. घर आतून बघायला मिळेलच असं नाही. आत माणसं राहत असतील तर त्यांना बाहेर काढणं हा नव्या मालकाचा प्रश्न, आणि थकलेला मालमत्ता करही बहुधा त्याच्याच डोक्यावर.

आपल्याकडचा वाचक या सगळ्याला सरावलेला आहे. थकलेल्या कर्जापायी बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा २००२ सालचा. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांची पानंच्या पानं ताबा सूचनांनी भरतात आणि सकाळच्या चहाबरोबर ‘जे आहे जसे आहे’ तत्त्वावरचे थ्री बीएचके वाचायला मिळतात. नोटिशीत कर्जदाराचं नाव, थकबाकी आणि चतुःसीमा असते. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दुसऱ्याची मिळकत. कोणी नातेवाईक सापडतोय का, हे बघायला काही मंडळी ती पानं बारकाईनं वाचतात, असं म्हणतात.

हिरवळीवरच्या लिलावात सर्वांत मोठी बोली बहुतेक वेळा कोणाची असते? बँकेचीच. तिला स्वतःला कोणाला पैसे द्यायचे नसतात, येणं आहे त्यातूनच बोली चढवता येते. शिवाय श्रूजबरीत किमती इतक्या वाढल्या आहेत की अडचणीतला मालक लिलावापर्यंत थांबतच नाही. तो सरळ घर विकतो, कर्ज फेडतो आणि वर चार पैसे घेऊन निघून जातो. स्वस्त जप्तीचं घर हवं असेल, तर आधी आख्खं गाव बुडायला हवं. २००८ नंतर तळ्यापलीकडे वूस्टरात तशी वेळ आली होती. तिथली तीन मजली लाकडी घरं पटापट जप्त झाली. त्या काळात ज्यांनी घरं पटकावली, ते आज गुंतवणुकीवर व्याख्यानं देतात.

सगळ्यांनाच व्याख्यानाचं भाग्य लाभलं असं नाही. त्याआधी बँका कर्जांच्या मोळ्या बांधून एकमेकींना विकत होत्या आणि कोणतं गहाणखत कोणाकडे आहे, याचा पत्ता त्यांनाच नव्हता. ७ जानेवारी २०११ रोजी मॅसेच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं इबानेझ प्रकरणात, स्प्रिंगफील्डमधल्या दोन घरांच्या बाबतीत, बँकांना साधा प्रश्न विचारला: लिलाव पुकारला त्या दिवशी गहाणखत तुमच्या नावावर होतं का? बँकांना ते दाखवता आलं नाही आणि लिलाव रद्दबातल ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेवरिल गावातल्या एका खरेदीदाराचा नंबर लागला. त्यानं बँकेकडून घर रीतसर विकत घेतलेलं, पैसे मोजलेले. न्यायालय म्हणालं, जे बँकेचं नव्हतंच ते बँकेनं तुम्हाला विकलं, तेव्हा तुम्ही मालक नाही. पुण्यात एकच फ्लॅट तिघांना विकणारा बिल्डर निदान तुरुंगाच्या भीतीनं पळून तरी जातो. बँका जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. अशा व्यवहारांची मालकी निस्तरायला राज्याला २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

परवडणाऱ्या घराचा सरकारी रस्ता श्रूजबरीत दुसरीकडून जातो, आणि तो रस्ता म्हाडाच्या दारावरून गेल्यासारखा वाटतो. १९६९चा ‘चॅप्टर ४० बी’ हा राज्याचा कायदा सांगतो की गावात किमान दहा टक्के घरं परवडणारी असली पाहिजेत. नसतील, तर इमल्यात पाव हिस्सा परवडणाऱ्या घरांचा ठेवणारा बिल्डर गावाचे झोनिंगचे नियम ओलांडून परवानगी मागू शकतो, आणि गावानं नाकारली तर राज्याकडे दाद मागू शकतो. कायद्याचं टोपणनाव ‘शिष्टांविरुद्धचा कायदा’. श्रूजबरीला वर्षानुवर्षं दहाचा आकडा गाठता आला नाही. २०१० मध्ये हा कायदाच मोडीत काढायचा कौल मॅसेच्युसेट्सच्या मतदारांपुढे ठेवला गेला होता. मतदारांनी तो फेटाळला. शिष्टांचा नाइलाज झाला.

या घरांची सोडत निघते. अर्ज, उत्पन्नाचे दाखले, बँकेची खातेपुस्तकं, सगळं रीतसर. पहिल्या फेरीत गावातल्यांसाठी सत्तर टक्क्यांपर्यंत घरं राखून ठेवता येतात, म्हणजे आपला डोमिसाइलचा दाखलाच. उत्पन्नाची मर्यादा चार माणसांच्या कुटुंबाला एक लाख डॉलरच्या आगेमागे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फोन कानापासून लांब धरून आकड्याकडे बघितल्याचं कळतं. पंच्याऐंशी लाख रुपये मिळवणारा गरीब त्यांच्या बँकेत कधी कर्ज मागायला आला नव्हता. काकांनी नवल करू नये. मुंबईत म्हाडाच्या २०२३च्या सोडतीत चार हजारांवर घरांसाठी सव्वा लाखाच्या जवळपास अर्ज आले होते आणि ताडदेवचं साडेसात कोटींचं घर लोकप्रतिनिधींच्या कोट्यातून एका आमदाराच्या नावावर निघालं होतं. पुढे आमदारांनी ते परत केलं. परवडणारं घर कोणाला परवडावं, याबाबत दोन्ही लोकशाह्यांनी मन मोठं ठेवलं आहे.

खरी मजा सोडतीत नसून सुनावणीत आहे. नव्या इमारतीचा प्रस्ताव झोनिंग मंडळापुढे आला की गावातल्या रूट ९ या हमरस्त्यावरच्या वाहतुकीची कळवळून आठवण होते. शाळांवर ताण येईल, पाणी पुरणार नाही, गावाचं वळण बिघडेल. हे बोलणाऱ्यांत पूर्वी फक्त गोरे आजोबा असत. आता त्यांत बारा वर्षांपूर्वी भाड्याच्या फ्लॅटमधून सुरुवात करून चार बेडरूमच्या घरात पोचलेला आपला माणूसही उठून उभा राहतो. वसंतात जंगलात साचणाऱ्या डबक्यांना या राज्यात कायद्याचं संरक्षण आहे, हे त्यानं रात्री जागून वाचलेलं असतं. चिपळूणच्या घरात पावसाळ्यात बेडूक शिरला तर खराटा शोधणारा हा गृहस्थ श्रूजबरीच्या बेडकाच्या वंशवृद्धीबद्दल तीन मिनिटं बोलतो. वेळ संपल्याची घंटा होते, तेव्हा तो घरंगळत मुद्द्यावर येतो: सरकारी मदतीवर जगणारे लोक इथे आले, तर आमच्या घरांच्या किमतीचं काय?

सरकारी मदत म्हणजे काय, हे मात्र कोणी त्याला विचारत नाही. गरीब भाडेकरूला मिळते ती ‘सेक्शन ८’: उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडं त्यानं भरायचं, वरचं सरकार भरतं. ही मदत मिळायला कित्येक वर्षं यादीत ताटकळावं लागतं, कारण अमेरिकेत पात्र चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाच्या पदरात भाड्याची काही तरी केंद्रीय मदत पडते. घरमालकाला यादी नाही. त्याच्या साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या घरकर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. त्यात दुसरं घरही चालतं आणि झोपायला पलंग, स्वयंपाकाला जागा आणि शौचालय असेल तर बोटसुद्धा ‘घर’ धरली जाते. राहतं घर विकताना जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर नाही, तो नियम १९९७चा. बोटीच्या मालकाला कोणी सुनावणीत उभं करून विचारत नाही की बाबा रे, तू सरकारी मदतीवर कधीपासून जगतोस. त्याच्याकडे सीए आहे, आणि सीए त्याला ‘टॅक्स प्लॅनिंग’ म्हणतो.

नागोबांची यादी इथे संपत नाही. मालमत्ता कर थकला तर कित्येक राज्यांत स्थानिक प्रशासन घर ताब्यात घ्यायचं, विकायचं आणि करापेक्षा जास्त आलेले पैसेही खिशात घालायचं. मिनियापोलिसमध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंची थकबाकी दंडासकट पंधरा हजार डॉलर झाली होती. काउंटीनं त्यांचा फ्लॅट चाळीस हजारांना विकला आणि वरचे पंचवीस हजार ठेवून घेतले. २५ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हे चालणार नाही. उदारमतवादी म्हणून मिरवणारं मॅसेच्युसेट्सही याच राज्यांच्या पंगतीत बसलं होतं. त्यानं आपला कायदा २०२४ मध्ये बदलला. चहा बंदरात फेकून कराविरुद्ध क्रांती पेटवणाऱ्या राज्याला हे सुचायला २५० वर्षं लागली, हे चालायचंच.

इकडे बेडूकप्रेमी गृहस्थाचे आईवडील कोथरूडहून कायमचे आले आहेत. ग्रीन कार्डसाठी त्यानंच त्यांच्या उदरनिर्वाहाची हमी लिहून दिली आहे. पण जिने चढताना आईचे गुडघे दुखतात, आणि एका स्वयंपाकघरात दोन फोडण्या किती दिवस चालणार. ज्येष्ठांसाठी कमी भाड्याच्या सदनिका असतात, असं कोणीतरी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना सांगितलं. तेव्हापासून तो घरबांधणी कचेरीची वेळ, स्थानिक रहिवाशांचं प्राधान्य आणि प्रतीक्षायादीची लांबी यांची चौकशी करतो आहे. कचेरीत कोणी ओळखीचं आहे का, हेही त्यानं दोघांना विचारून झालंय. पुढच्या सुनावणीत तो नव्या प्रकल्पाला पाठिंबा देणार आहे. फक्त ज्येष्ठांची इमारत व्हावी, फार उंच नसावी, आणि शक्यतो रूट ९च्या पलीकडे असावी.