कागदावरचं जळोची

विद्यार्थ्याची शॉर्ट फिल्म आधी कागदावर होते, आणि कागदावरचं जळोची भलतंच निवांत असतं: उसाच्या फडाआड सूर्योदय, बांधावर आजोबा, लांबून बासरी. हे गाव आधी पाहिलेल्या सिनेमांतून उचललेलं. खरं जळोची बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि गळीत हंगामात तिथे बासरीला वाव नाही, ट्रॅक्टरवरच्या गाण्यांना आहे. शूटिंगच्या दिवशी ऊस तुटून मोळ्या बांधलेल्या असतात, म्हणजे सूर्योदय गेला. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून येतात, म्हणजे दारिद्र्यही गेलं. दिग्दर्शक याला अडचण म्हणतो. फिल्म खरं तर इथेच सुरू झालेली असते. उजनीपलीकडच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी विद्यार्थिदशेत केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातला पोरगा शाळेसाठी आसुसलेला आहे, सूर्योदयासाठी नव्हे.

मग नियोजन करूच नये का? करावं. बॅटऱ्या, परवानग्या, जेवण कागदावरच ठरावं. उपाशी युनिट कला नव्हे, भांडणं निर्माण करतं. पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. फाळक्यांची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. पण त्यांचाही तो पहिलाच कथापट होता! पटकथेबरहुकूम चित्रीकरणाला गुण ठेवले, तर मुलं फड वाढायची वाट बघणार. तोवर तिथे प्लॉटिंग झालेलं असेल.