वेडी बाभूळ आणि शहाणे अंदाजपत्रक

नदीकाठाचे पुनरुज्जीवन, म्हणजे परकी तणे काढून त्या जागी मूळच्या वनस्पती पुन्हा रुजवणे, या विषयावरील अंदाजपत्रके चिकाटीने वाचणाऱ्यास असे आढळून येते की मुखपृष्ठावर ‘देशी वनस्पतींची लागवड’ असे ठळक छापलेले असते आणि आतील तक्त्यात, खोदाई, भराव व पेव्हर ब्लॉक यांच्या खालोखाल, ‘मेक्सिकन लॉन, दर प्रति चौरस मीटर’ ही बाब येते. नदी सीना असो, प्रवरा असो वा मुळा, लॉन अढळ आहे.

या लॉनसाठी जिला काठावरून हुसकावले जाते ती वेडी बाभूळही, योगायोगाने, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतची रहिवासी होय. इंधन मिळावे आणि उजाड माळ हिरवे दिसावेत म्हणून तिचे बी 1877 च्या सुमारास भारतात आणले गेले. पुढील प्रसार शेळ्यामेंढ्यांनी विनामोबदला केला, कारण तिच्या गोड शेंगा त्या आवडीने खातात आणि लेंडीतून पडलेले बी अधिक सहज रुजते. तिला घालवायचे तर मूळ आणि खोड जिथे मिळतात तो जमिनीखालचा गड्डा खणून काढावा लागतो, कारण नवे फुटवे फोडणारे डोळे तिथेच असतात. हे काम कुदळीचे आणि वेळखाऊ. अंदाजपत्रकात मात्र जेसीबी असतो, जो झाड वरच्यावर मोडतो आणि काठ सपाट करतो, म्हणजे एका खोडाच्या जागी पुढच्या पावसाळ्यात फुटव्यांचे जाळे उभे राहते. जी मेक्सिकोहून आली ती परकी म्हणून निघाली आणि रोपवाटिकेच्या बिलावर विश्वास ठेवायचा तर जे मेक्सिकोचे नाव लावून आले ते देशी म्हणून बसले.

त्याच जेसीबीच्या बकेटमध्ये हराळीही जाते. हराळी म्हणजे जमिनीलगत पसरून पेरापेराला मुळे सोडणारे आणि काठची माती धरून ठेवणारे गवत, ज्याच्या कोवळ्या तुऱ्यांना दुर्वा म्हणतात. काठावर ती फुकट होती म्हणून तिचा समावेश ‘झाडोरा काढणे’ या बाबीत झाला. उद्घाटनाच्या सकाळी गणेशपूजनासाठी दुर्वा लागतात हे लक्षात आल्यावर बाजारातून जुडी आणली गेली, एकवीस दुर्वा मोजून वाहिल्या गेल्या आणि नंतर मान्यवरांच्या हस्ते लॉनची फीत कापली गेली. लव्हाळ्याचेही तेच झाले. महापुरात वाकून वाचण्याची त्याची कीर्ती महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, परंतु जेसीबीपुढे वाकून कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

लॉनचा मूळ गुणधर्म असा की ते पाणी मागते. आणि या नद्यांचा अहिल्यानगर जिल्हा बव्हंशी पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवून ठेवल्यामुळे पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यात येतो. टंचाईच्या वर्षी पाथर्डी-पारनेरकडील वाड्यावस्त्यांवर बायाबापड्या हंडे ओळीत मांडून टँकरची वाट पाहत असताना शहरातल्या गवतावर टँकर उभा करून नळी फिरवणे, तेही कोरड्या नदीच्या काठावर आणि तेही पर्यावरणाच्या नावाने, याला सुशोभीकरण म्हणणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे, आणि त्यावर कडी म्हणून शेजारी ‘गवतावर चालू नये, जनावरे सोडू नयेत’ असा फलक लावला जातो, म्हणजे हे गवत माणसाने तुडवायचे नाही, शेळीने खायचे नाही, त्यात टिटवीने अंडी घालायची नाहीत, पुराने त्यावरून जायचे नाही. मग ते नदीकाठी कशाला, एखाद्या दिवाणखान्यात अंथरावे! करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी आणि प्रवाहातील खडकांच्या फटीत मुळे रोवून बसणारी शेरणी या देशी वनस्पतींना जम बसेपर्यंत दोन-तीन उन्हाळे सांभाळावे लागते, त्यानंतर त्या कोणाकडे काही मागत नाहीत, आणि नेमका हाच त्यांचा अपात्र ठरवणारा दोष असावा, कारण जे झाड काही मागत नाही त्याच्या वार्षिक देखभालीचे बिल निघत नाही.

पहिल्या पुराने लॉन गुंडाळून प्रवाहाच्या दिशेने नेले की उघड्या मातीवर गाजर गवत आणि राहिलेल्या गड्ड्यांतून वेडी बाभूळ, दोघेही वेळेवर हजर होतात. मोजमाप पुस्तिकेत मात्र क्षेत्र ‘तणमुक्त’ नोंदलेले असल्याने त्याच चौरस मीटरवर पुन्हा खर्च टाकता येत नाही, ही अडचण काम करणाऱ्यांनी अनुभवाने सोडवली आहे: निविदेच्या नावापुढे ‘टप्पा दोन’ असे लिहिले जाते आणि लॉनचा दर नव्या दरसूचीप्रमाणे धरला जातो.