चौदा अंकी पिशवी

रुग्णाची माहिती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेणारी व्यवस्था नाशकात पूर्वीपासून आहे. ती साडीच्या दुकानात मिळते आणि तिला दोन बंद असतात. आत एक्स-रे, सोनोग्राफी, फिक्या पडलेल्या ईसीजीच्या पट्ट्या आणि एमआरआयची सीडी. ही सीडी लावायला खाच असलेला संगणक मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत शोधूनही क्वचितच सापडेल. तरी ती श्रद्धेनं दिली जाते, श्रद्धेनं जपली जाते आणि डॉक्टर ती तितक्याच श्रद्धेनं बाजूला सारतात. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळण्याची सोय झाली. तेव्हापासून पिशवीत एक भर पडली आहे : आभा कार्डाची लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स.

रचना कागदावर शहाणपणाचीच आहे. नोंदी दिल्लीतल्या एका कपाटात जात नाहीत. ज्या रुग्णालयात झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णानं मोबाइलवर संमती दिली की दुसरीकडे पोचतात. पण जिथे नोंदच बॉलपेननं होते, तिथून पोचणार काय? क्रमांकावरून माणूस ओळखता येतो, त्याचं क्रिएटिनिन नाही. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून नामावळीतून खापरपणजोबा काढून दाखवतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे कोणीतरी बसून लिहीत आलं. इथे वहीला आधी क्रमांक पडला. लिहायचं कोणी, ते ठरायचं राहिलं. यावर उत्तर मिळतं की क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो, केसपेपरची रांग कमी होते. होते की! मग रांग संपते आणि हातात केसपेपर येतो. कागदाचा.

‘थोडा वेळ द्या’ हा दुसरा आक्षेप. एस्टोनियानं २००८ मध्ये हे करून दाखवलं. पण तो तेरा लाखांचा देश, २०११ च्या जनगणनेत एकसष्ट लाखांवर असलेल्या आपल्या जिल्ह्याच्या पाव हिश्शाहूनही लहान, तेव्हा त्यांना सोपं गेलं, असं म्हणता येईल. मात्र तिथे नोंद पाठवणं रुग्णालयांना कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे सगळंच ऐच्छिक. रुग्णाला ऐच्छिक, हे रास्तच. रुग्णालयालाही ऐच्छिक, ही खरी गंमत. आणि रुग्णालयानं ती इच्छा का करावी? जुना रिपोर्ट वाचायचे पैसे मिळत नाहीत, नवा काढायचे मिळतात. सुरगाण्याहून एसटीनं आलेल्या बाईच्या पिशवीत चार दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट असतो. काउंटरवरची मुलगी तो न उघडताच सांगते, ‘आमच्याकडचाच लागतो.’ चार दिवसांत आजार बदलू शकतो, तपासणी पुन्हा लागू शकते, कबूल. पण ते रिपोर्ट उघडून डॉक्टरनं ठरवायचं, की न उघडता काउंटरनं? त्या बाईचा रक्तगट सुरगाण्यात एक आणि नाशकात दुसरा असतो काय? आधीचे पैसे तिनं उसने घेतलेले असतात, हे कुठल्या रकान्यात भरायचं? हा रोग सॉफ्टवेअरचा नाहीच. समोर धडधडीत पडलेला कागद ज्यांना वाचायचा नाही, ते पडद्यावरचा वाचतील, हा भाबडेपणा चौदा काय, चाळीस अंकांनी झाकला जाणार नाही.

राहिला खासगीपणाचा प्रश्न. त्याची काळजी मात्र चोख घेतलेली आहे. संमतीशिवाय कागद हलत नाही, संमतीसाठी ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो. मोबाइल मुलाच्या नावावर आहे. मुलगा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, आणि तिथे फोन गेटवर जमा करावे लागतात. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. पाळी साडेतीनला सुटते.