चुना, कोळंबी आणि एक चिवट फूल

आमच्या न्यू जर्सीच्या घरात सगळ्यात जास्त लाड कोणाचे होत असतील तर ते टाकीतल्या प्रवाळांचे. त्यांना नळाचं पाणी चालत नाही. आरओनं गाळलेल्या पाण्यात वजन करून मीठ कालवायचं, क्षारता हजारी 35 वर आणायची, कॅल्शियम दशलक्षी 420च्या आसपास, तापमान 25-26 अंश. मुलीला ताप आला तर आम्ही थर्मामीटर शोधत फिरतो, टाकीला मात्र दोन कायमचे बसवलेले. इतकं करूनही एखादं प्रवाळ रविवारी सकाळी पांढरंफटक पडतं आणि आठवडाभरात नुसता सांगाडा उरतो. का, ते विचारायची सोय नाही.

आणि त्याच टाकीत, त्याच खडकावर, कोणी न बोलावलेला ऐप्टेशिया मात्र दिवसेंदिवस बाळसं धरत असतो.

ऐप्टेशिया म्हणजे एक पिटुकलं समुद्रफूल. तपकिरी, अर्धपारदर्शक, देठावर बारीक धाग्यांचा झुपका. खडकाच्या नाहीतर प्रवाळाच्या तुकड्याच्या आडोशानं ते फुकटात घरात येतं. पहिलं दिसलं तेव्हा बायको म्हणाली, "अय्या, किती गोड!" हे वाक्य ऐकल्यावर जुनेजाणते प्रवाळवाले एकमेकांकडे बघून गप्प बसतात.

त्या गोड धाग्यांत दंशपेशी असतात आणि शेजारच्या प्रवाळाला त्यांचा चांगलाच प्रसाद मिळतो. पण त्याची खरी कर्तबगारी वेगळीच आहे. उपटायला जावं तर देठ आखडून बिळात गडप. चिमट्यानं ओढावं तर तुटतं, आणि खडकाला चिकटून राहिलेल्या तळव्याच्या कणातून नवं उगवतं. नाही छेडलं तरी सरकता सरकता ते तळव्याचे तुकडे मागे टाकत जातं, आणि त्यांचीही यथावकाश समुद्रफुलं होतात. रक्तबीजाला निदान कोणीतरी वार तरी करावा लागायचा! मेंदू नाही, खायला आणि उरलंसुरलं बाहेर टाकायला मिळून दार एकच. एवढ्या भांडवलावर त्यानं दोन पदवीधरांना जेरीस आणलं.

उपाय पुष्कळ सांगतात. लिंबाचा रस टोचा, उकळतं पाणी सोडा, बाजारातली तयार औषधं आणा. पण सगळ्यांत खात्रीचा निघाला तो चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरायची आणि समुद्रफुलाच्या थेट तोंडात सोडायची. अमेरिकेत हा चुना किराणा दुकानात काकडीच्या लोणच्यासाठी मिळतो. त्या सुमारास साताऱ्याहून माझे सासरे आले होते. त्यांनी कोपरीच्या खिशातून डबी काढली.

"जावईबापू, चुनाच पाहिजे तर हा घ्या की. विकत कशाला?"

"अण्णा, त्याला तंबाखूचा हात लागलेला असतो. कोळंब्या मरतील."

"मी नाही मेलो चाळीस वर्षांत," अण्णा म्हणाले आणि डबी परत खिशात गेली.

शस्त्रक्रियेला मात्र ते खुर्ची ओढून बसले. पंप बंद केले, नाहीतर प्रवाहानं चुना सगळ्या टाकीभर होतो. पाणी निश्चल झालं. सिरिंजचं टोक बाजूनं, सावली पडू न देता, हळूहळू झुपक्याच्या मध्यावर नेलं. त्याला वाटलं खाऊ आला. मधली चकती जराशी फुगली, धागे आत वळले. मी दट्ट्या दाबला. पांढरा ठिपका आत गेला, फूल स्वतःभोवती मिटलं आणि बिळाच्या तोंडावर भस्माच्या बोटासारखा एक डाग उरला. अण्णा समाधानानं म्हणाले, "चुना लावला म्हणायचा याला." एका बैठकीत जास्त मात्र लावता येत नाही, कारण पाण्याचा पीएच चढतो आणि शत्रूआधी आपलीच माणसं गारद होतात.

मग पेपरमिंट कोळंबी आणली. ती ऐप्टेशिया खाते, हे खरं. पण प्रवाळांना घातलेला खाऊ हिसकावून पोट भरत असेल तर ती कशाला कष्ट करील? शिवाय दुकानात तिच्या जोडीला, पाठीला कुबड असलेली तिचीच एक दूरची नातेवाईक याच नावानं खपवतात, आणि ती खुद्द प्रवाळंच कुरतडते. कॉपरबँड नावाचा लांब चोचीचा देखणा मासाही सुचवतात. त्याचं खाण्यापिण्याचं नखऱ्याचं प्रकरण ऐकून मी दुकानातूनच नमस्कार केला.

मजा म्हणजे, आम्ही ज्याचं नाव काढत शिव्या घालतो त्याला शास्त्रज्ञ मोठ्या प्रेमानं वाढवतात. प्रवाळांसारखंच हेही पेशींत शेवाळ सांभाळतं. ते शेवाळ काढून घेतलं तरी, खाऊ घातल्यास, मरत नाही. परत देता येतं. प्रवाळं पांढरी का पडतात हे शोधायला याहून सोयीचा प्राणी कुठला? 2015 साली सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या चमूनं त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध केला. प्रयोगशाळांत तर सीसी7 नावाचा एकाच पूर्वजापासून वाढवलेला वाण असतो. आमचाही कुठे खपतो का, म्हणून मी चौकशी करणार होतो, बायकोनं अडवलं.

अखेर बर्घिया आणल्या. बर्घिया म्हणजे नखाएवढी समुद्री गोगलगाय, अंगावर केसांसारखे झुपके, दिवसा दडी, रात्री शिकार. ती ऐप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. भक्ष्याच्या दंशपेशी पचवण्याऐवजी स्वतःच्या झुपक्यांत साठवून वर त्याच शस्त्रानं मिरवते. सावकाश, पण एकेक डाग साफ होत गेला. आता टाकीत ऐप्टेशिया जवळजवळ दिसेनासा झाला, आणि बर्घिया उपाशी पडायला लागल्या. इतक्या महागाच्या गोगलगायी. म्हणून ऐप्टेशिया शिल्लक असलेला शेवटचा एक खडक बाहेर काढून मी खिडकीतल्या बरणीत ठेवला. त्याच्यावर कोळंबीची पिल्लं शिंपडतो, पाणी बदलतो, आणि ऐप्टेशिया झकास वाढतोय.

"म्हणजे आता आपण हे पाळतोय?" बायकोनं विचारलं.

"पाळत नाहीये. साठवतोय."

"मग त्या बरणीवर थर्मामीटर का लावलाय?"